रिफ्लेक्टर पुरतो म्हणे!

माझा धाकटा मामा मोशीहून भोसरी एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला सायकलने जातो. दिवाळीत मी घेऊन दिलेला मागचा दिवा त्याने गेल्या आठवड्यात काढला आणि पोराला खेळायला देऊन टाकला. कारण विचारलं तर फोनच पुढे केला. 'सायकलवाल्यांनो, फसू नका!' म्हणे मागचा दिवा हा कंपन्यांचा धंदा, रिफ्लेक्टर पुरतो. लावायचाच तर रस्त्यावर लाल रेषा आखणारा लेझरवाला लावा, गाड्या रेषेच्या आत येत नाहीत. दिवा जितका प्रखर आणि जोरात लुकलुकणारा, तितका चांगला. चार्जिंगचे दिवे पावसात फुटतात. आणि पहाटे काय, उजाडतच असतं. शेवटी हात जोडलेले, 'जास्तीत जास्त शेअर करा'.

पहाटेचं आधी संपवते. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. मामा सव्वासहाला घर सोडतो.

आता लेझर. गाड्या रेषेच्या आत येत नाहीत! नाशिक रोडवर पालिकेने रंगवलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्यांना चाकणहून येणारा ट्रेलर जुमानत नाही, तो मामाच्या सायकलखालच्या दोन लाल दोऱ्यांना घाबरणार? मुळात त्या त्याला दिसल्या तर. मागच्या गाडीचा हेडलाइट रस्त्यावर पडला की लेझरची रेषा त्यात विरून जाते, आणि ओल्या डांबरावर तर विचारूच नका. म्हणजे गाडी लांब असताना रेषा दिसणार आणि जवळ आली की गायब. शिवाय रेषा जमिनीवर पडते, ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे येत नाही. ज्या दिव्यावर जीव सोपवायचा त्याचा उजेड मागे, जमिनीला समांतर जायला हवा. एवढंच त्याचं काम.

रिफ्लेक्टरचं मात्र मला थोडं मान्य करावं लागेल. त्याला चार्जिंग नको आणि तो विसरून घरी राहत नाही. पेडलवरचे तर वर-खाली हलतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे चटकन कळतं. सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी भारतीय मानक सक्तीचं करणारा सरकारी आदेश २०२० मध्ये निघाला, तो उगाच नाही. तेव्हा काढू नका, असू द्या.

पण 'पुरतो'? रिफ्लेक्टर स्वतः पेटत नाही. आलेला उजेड आला त्याच दिशेने परत फेकतो, बस. म्हणजे मागच्या गाडीचा हेडलाइट चालू हवा, नीट लावलेला हवा, आणि त्याचा झोत सायकलपर्यंत पोहोचायला हवा. आपल्याकडे एका डोळ्याचे टेंपो किती फिरतात हे मी सांगायला नको. त्यात मडगार्डवरच्या रिफ्लेक्टरवर पावसाळ्यापासूनचा चिखल. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथेच गेले. थांबायला पुढे जवळपास तेवढेच. डिपरच्या उजेडात रिफ्लेक्टर चमकायची वाट पाहत बसण्याइतकी जागा मामाकडे नाही. पेटलेला दिवा त्याच्या कितीतरी आधी दिसतो.

धंद्याचा आरोप करणाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या ओडेन्सेचा अभ्यास बघावा. चाकाच्या आऱ्यांना चुंबक, सायकल हलली की दिवा आपोआप पेटणार. ३,८४५ सायकलस्वार, काहींना हे दिवे दिले, काहींना नाही, आणि वर्षभर नोंदी ठेवल्या. दिवेवाल्यांमध्ये इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. अपघात लोकांनीच कळवायचे होते, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे धरा. तरी फॉरवर्डपेक्षा बरा.

लुकलुकण्यावर तर देशांचंही एकमत नाही. ब्रिटनने २००५ मध्ये परवानगी दिली, जर्मनीत अजून मनाई आहे. लुकलुकणारा लक्ष वेधतो हे खरं, पण गाडी आणि सायकलमधलं अंतर स्थिर दिव्यावरून नीट कळतं. मी मामाला स्थिर लावायला सांगते. डोळे दिपवणारा प्रखर दिवा अंधारात नकोच, मागच्याला दिव्याखेरीज काहीच दिसत नाही. आणि खोक्यावर छापलेले तास बहुधा सगळ्यात मंद मोडचे असतात, त्यावर भुलू नका.

पावसात फुटतात? चार्जिंगच्या भोकावरची रबरी टोपी उघडी राहिली तर पाणी शिरतं आणि दिवा बंद पडतो. खोक्यावर आयपीएक्स ४ (दिवा पाण्याच्या शिंतोड्यांना दाद देत नाही याची खूण) किंवा वरचा आकडा बघून घ्या, टोपी दाबा, झालं.

रविवारी दिवा पोराकडून परत घेतला (रडला, चॉकलेटवर भागलं). सीटखाली बसवला तर मामाच्या डब्याची पिशवी नेमकी त्याच्यावर लोंबत होती, म्हणून कॅरिअरच्या टोकाला हलवला. अंधार पडल्यावर सायकल स्टँडला लावून पन्नास पावलं मागे गेले, उभं राहून पाहिलं, बसून पाहिलं. दिसतोय. तो मेसेज कुणी पाठवला होता तेही विचारलं. मामाच्या सोसायटीतले एक काका. ते कारने जातात.