‘काहीही झालं नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

‘संगणक बंद पडले तर आपली सोसायटी काय करेल?’ या माझ्या लेखावर ‘सजग वाचक’ या टोपणनावाने आलेली आपली प्रतिक्रिया वाचली. दोन दिवस मुद्दाम थांबलो, कारण पहिल्या दिवशी उत्तर लिहिलं असतं तर हातून काहीतरी वावगं गेलं असतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आपलं म्हणणं थोडक्यात देतो. पहिलं, १९ जुलै २०२४च्या घटनेला मी ‘सायबर हल्ला’ म्हटलं, ते चूक आहे. दुसरं, घरात पाच हजार रुपये सुट्या नोटांत ठेवा असं मी सुचवलं, पण धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी ते आणायचे कुठून? तिसरं, ही तयारी सरकारने करायची असते, सोसायटीने नव्हे. आणि शेवटी हे वाक्य: “वाय-टू-केच्या वेळीही तुमच्यासारख्यांनी असाच बागुलबुवा उभा केला होता, झालं काय? काहीही झालं नाही. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून लोकांना घाबरवत बसू नका.” (वाय-टू-के म्हणजे २००० साल उजाडताच जुने संगणक तारखेत गोंधळतील ही तेव्हाची धास्ती.)

पहिला मुद्दा मान्य. ती चूक माझीच. त्या शुक्रवारी जे झालं तो हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. ती करताना एक गोष्ट मात्र पुन्हा डोळ्यांसमोर आली. ते सदोष अपडेट कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतलं होतं. आपल्याकडच्या घड्याळाप्रमाणे सकाळी पावणेदहाच्या सुमारास गेलेलं अपडेट अकराच्या आत मागे आलं. तरीही कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस घोळ चालला, कारण जो संगणक एकदा पडला त्याच्यापुढे माणसाला जाऊन बसावं लागत होतं, ‘सेफ मोड’ या दुरुस्तीच्या अवस्थेत तो सुरू करून अपडेटची ती सदोष फाइल हाताने काढावी लागत होती. असं एकेका यंत्राला करायचं. आपल्या विमानतळांवर तर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हल्ला नसताना, कुणाचा वाईट हेतू नसताना हे घडलं. माझी चूक दुरुस्त झाल्यावर माझा मुद्दा हलका झाला की जड झाला, ते आपणच ठरवा.

आता त्या वाक्याकडे येतो.

‘काहीही झालं नाही.’ सव्वीस वर्षं मी हे ऐकतो आहे. लग्नकार्यात, कट्ट्यावर, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या मुलांकडून. दरवेळी हसून सोडून देतो. या वेळी सोडणार नाही, कारण आपण ते माझ्या दारात येऊन म्हणालात, आणि ज्या स्वरात म्हणालात तो स्वर मला पटलेला नाही.

मी १९९७ ते २००० या काळात एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात होतो. विभाग म्हणजे आम्ही चौघं, एक वातानुकूलित खोली आणि कोबोल या संगणक-भाषेतले जुने प्रोग्राम. त्यातले बरेचसे आमच्या आधीच्या लोकांनी लिहिलेले, आणि कुठेही एका ओळीची टीप नाही. जागा वाचवायची म्हणून वर्षाला दोनच आकडे. सत्त्याण्णव म्हणजे ९७. वाय-टू-के ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री बारा वाजता सुरू झालं असं लोकांना वाटतं. आमच्याकडे ते १९९७ मध्येच सुरू झालं, एका मुदत ठेवीच्या पावतीवर. छत्तीस महिन्यांची ठेव, मुदत २००० मध्ये संपणार. प्रोग्रामने शून्यातून सत्त्याण्णव वजा केले आणि व्याज उणे दाखवलं. काउंटरवरच्या क्लार्कने ते पाहिलं म्हणून बरं. त्याने पावती हाताने लिहून दिली आणि कागद घेऊन आमच्या खोलीत आला. तिथून पुढे अडीच वर्षं आम्ही तारीख शोधत होतो. ठेवीत, कर्जाच्या हप्त्यात, लॉकरच्या भाड्यात, चेकबुकच्या नोंदीत, कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीत. प्रत्येक फाइल, प्रत्येक ओळ. एकाला सापडलं नाही तर दुसऱ्याने तीच फाइल पुन्हा वाचायची, असा नियम होता.

एका वेगळ्या यंत्रावर तारीख पुढे ढकलून चाचणी घ्यायचो. २००० सालच्या फेब्रुवारीत एका प्रोग्रामने २८ तारखेनंतर थेट १ मार्च आणला. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं एवढंच लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, चारशेने भाग गेला तर ते लीप असतं हे नव्हतं. एका दिवसाचं व्याज. एका खात्यावर काही पैशांचा फरक. पण हजारो खात्यांवर, आणि वर्षअखेरीच्या ताळेबंदात.

त्या डिसेंबरात माझे वडील मिरजेच्या एका दवाखान्यात होते. दिवसा आई आणि बहीण असायची, रात्री मी जाणार असं ठरलेलं. किती रात्री गेलो आणि किती रात्री जाऊ शकलो नाही, ते मी इथे मांडत नाही. ३१ तारखेला गेलो नाही. त्या रात्री आम्ही प्रत्येक शाखेची खातेनिहाय शिल्लक डॉट मॅट्रिक्सवर छापून घेतली. हिरव्या पट्ट्यांच्या कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे, कमरेएवढी चळत. उद्या पडदे काळे पडले तरी खातेदाराला त्याची शिल्लक सांगता यावी आणि पेन्शनवाल्या आजोबांना परत पाठवावं लागू नये, एवढ्यासाठी. ती चळत तिजोरीत ठेवली. बारा वाजले. तारीख बदलली. व्याज बरोबर आलं. आम्ही चहा प्यायलो.

आणि आपण म्हणता, काहीही झालं नाही.

तुम्ही त्या रात्री कुठे होतात? हा प्रश्न मी चिडून विचारतो आहे हे मान्य करतो. पण विचारतोच. ज्यांनी काम केलं त्यांच्या कामाचा पुरावा हाच की तुम्हाला काही जाणवलं नाही, आणि तोच पुरावा उचलून तुम्ही त्यांना खोटं पाडता.

बरं, काही झालंच नाही हेही खरं नाही. इंग्लंडमध्ये शेफील्डला गरोदर स्त्रियांच्या डाऊन सिंड्रोमच्या तपासणीत संगणकाने आईचं वय चुकीचं धरलं. दीडशेहून अधिक स्त्रियांना चुकीचे निष्कर्ष कळवले गेले, आणि ही चूक २००० सालच्या उन्हाळ्यापर्यंत लक्षातच आली नव्हती. त्या बायकांना सांगा काहीही झालं नाही म्हणून. जर्मनीत १ जानेवारी २०१० पासून सुमारे तीन कोटी बँक कार्डं अडली, कारण कार्डावरच्या चिपला २०१० हे वर्ष नीट वाचता येईना. ती तर वाय-टू-केनंतर दहा वर्षांनी घडलेली गोष्ट. सुट्टीवर गेलेली माणसं परक्या गावात खिशात कार्ड असून हॉटेलचं बिल भरू शकत नव्हती.

यात आमचाही वाटा सांगतो, म्हणजे मी काही लपवतो असं वाटायला नको. सगळ्याच फाइली चार आकड्यांच्या करायला वेळ नव्हता. काही ठिकाणी आम्ही ‘विंडोइंग’ केलं. दोन आकडे ठरावीक संख्येच्या खाली असतील तर पुढे २० लावायचा, वर असतील तर १९. जगभर हेच चाललं होतं. ही दुरुस्ती मुदतीची असते, त्या ठरावीक संख्येचं साल आलं की पुन्हा घोळ. आम्ही ती मुदत वहीत लिहून ठेवली आणि निवृत्त व्हायच्या आधी नव्या लोकांच्या हातात ती वही दिली. सगळीकडे अशी वही दिली गेली असेल का? आणि पुढची तारीखही ठरलेलीच आहे. ज्या जुन्या यंत्रणा सेकंद मोजून वेळ ठेवतात आणि तो आकडा ३२ बिटांच्या ठरावीक जागेत मावायला हवा, त्यांचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरतो आणि मग तारीख चुकते. हे वाचून तुम्ही पुन्हा बागुलबुवा म्हणाल. म्हणा.

त्या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं. बागुलबुवा आपण लहान मुलांना दाखवतो, जेवत नाहीत म्हणून, झोपत नाहीत म्हणून. म्हणजे माझे वाचक लहान मुलं, आणि मी त्यांना खोटं सांगून झोपवणारा. माझा लेख पुन्हा वाचून पाहा. त्यात एका तरी वाक्यात घाबरा असं आहे का? त्यात एक वही आहे. घर क्रमांक, माणसांची नावं, रक्तगट, रोजची औषधं, बाहेरगावच्या मुलाचा फोन, शेजाऱ्याकडे किल्ली आहे का. कुणाच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. पाण्याचा पंप ॲपवरून चालतो तो हाताने कसा सुरू करायचा, आणि ते वॉचमनखेरीज आणखी दोघांना येतं का. लिफ्ट अडकली तर आतल्या माणसाला बाहेर कसं काढायचं आणि ते कुणी शिकून घेतलंय. यात भीती कुठे आहे?

राहिलं माझं निवृत्त असणं. होय, मला वेळ आहे. त्या वेळात मी हे करतो. ती वही मला निवृत्तीत सुचली नाही, २०१९ च्या पुरात सुचली.

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ते दिवस इथल्या माणसाला सांगायला नकोत. आमच्या इमारतीत पाणी शिरलं नाही, पण वीज गेली, एटीएम बंद, मोबाईलला रेंज कधी यायची कधी नाही. तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांचा मुलगा पुण्यात. त्यांचा फोन दुसऱ्याच दिवशी बंद पडला. खालच्या मजल्यावर एकाने गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज केला, गच्चीत जाऊन त्याला रेंजही मिळाली. आजींना वर नेलं. फोन हातात दिला आणि म्हटलं, बोला मुलाशी. त्यांना नंबर पाठ नव्हता. त्यांच्या बंद पडलेल्या फोनमध्ये तो होता, दुसरीकडे कुठेही नव्हता. त्या गच्चीवर फोन हातात धरून नुसत्या उभ्या होत्या. मुलाला आई बरी आहे हे कळायला आणखी दोन दिवस लागले. आपल्याला ही गोष्ट लहान वाटेल. मला वाटली नाही.

त्यानंतरचं तर आपल्या सगळ्यांच्या समोर घडलेलं आहे. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे तिथे कागद-पेनावर काम चाललं. ते चाललं, कारण कागदावर काम कसं करायचं हे आठवणारी माणसं अजून तिथे होती. २०२४ च्या जुलैअखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना संगणक-सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती अडवून खंडणी मागणारा, हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून तिची यंत्रणा एनपीसीआयच्या, म्हणजे देशभरातले यूपीआयसारखे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या, जाळ्यापासून तोडावी लागली. तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका आल्या, ऑनलाइन व्यवहार खोळंबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली, ठीक. १२ एप्रिल २०२५ला हनुमान जयंतीच्या दिवशी यूपीआय काही तास अडखळलं. मी वाण्याच्या दुकानात होतो. माझ्यापुढे सहा माणसं, सहाही जणांच्या हातात फोन, एकाच्याही खिशात नोट नाही. वाण्याने ओळखीच्या चौघांना वहीत मांडून सामान दिलं. उरलेल्या दोघांना तो ओळखत नव्हता. नव्याने राहायला आलेली मुलं असावीत. ती दूध न घेता गेली. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, कारण त्यांच्याकडे पैसे होते.

धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या पाच हजारांचा मुद्दा स्वतंत्र आहे, त्यावर पुढे कधीतरी लिहीन. पाच हजार हा आकडा मी उदाहरणादाखल दिला होता, ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे ठरवावं, हे वेगळं सांगायची गरज मला वाटली नव्हती. आणि सरकारने काय करावं हे सरकारला सांगणारे पुष्कळ आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या मुलाचा नंबर लिहून ठेवायला सरकार येणार नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. आमच्या इमारतीतल्या दोघांनी ती वाचून मला विचारलं की वही पुढे चालू ठेवायची का, म्हणून एवढं सविस्तर लिहावं लागलं. वही चालू आहे. या रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये आम्ही ती पुन्हा तपासणार आहोत, कारण गेल्या वर्षभरात चार घरांचे भाडेकरू बदलले आणि एका घरातले काका गेले. आपण सांगलीतच राहत असाल तर या. मात्र इथे पुन्हा लिहायचं झालं तर स्वतःच्या नावाने लिहा. टोपणनावाला मी यापुढे उत्तर देणार नाही.