मामांचा सायक्लोनवाला फॉरवर्ड

फॅमिली ग्रुपवर मामांनी परत एक फॉरवर्ड टाकलाय. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधल्या सायक्लोन नावाच्या रोलर कोस्टरचा फोटो आणि खाली, "1927 चा जगातला पहिला रोलर कोस्टर! अख्खा लाकडाचा, लोखंडाचा एक खिळा नाही, आजवर एक दिवसही बंद नाही!!" मामा रागवू नका, पण यातलं फक्त 1927 बरोबर आहे.

पहिला तर नाहीच. ज्या जागेवर सायक्लोन उभाय ना, तिथेच 1884 साली लामार्कस थॉम्पसनने स्विचबॅक रेल्वे नावाचा रोलर कोस्टर सुरू केला होता, तिकीट 5 सेंट आणि स्पीड ताशी 6 मैल, म्हणजे आपली सायकल पुढे जाईल. आणि मेलबर्नच्या लुना पार्कातला सीनिक रेल्वे 1912 चा, तोही लाकडीच, अजून चालतो, गाडीच्या मधोमध एक माणूस उभा राहून हाताने ब्रेक मारतो.

खिळ्याचं वाक्य बहुतेक कुठल्यातरी जुन्या वाड्याच्या फॉरवर्डमधून उचललंय. सायक्लोनचा सांगाडाच मुळात स्टीलचा आहे! लाकूड आहे ते रुळात, फळ्यांवर फळ्या बसवून वर लोखंडी पट्टी, आणि रूळ असा असला की कोस्टरला लाकडी म्हणतात, खालचे खांब कशाचे का असेनात. फोटोत पांढऱ्या रंगामुळे सगळं लाकूडच वाटतं, त्यात मामांची चूक नाही.

राहिलं "एक दिवसही बंद नाही". अहो थंडीत तो दरवर्षीच बंद असतो. 1971 ला शहराने तो 10 लाख डॉलरला विकत घेतला आणि मग शेजारच्या मत्स्यालयाला जागा हवी म्हणून पाडायचं घाटत होतं, लोकांनी आरडाओरडा केला, शेवटी तिथल्या अम्युझमेंट पार्कवाल्यांनी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोलँडवाल्यांनी चालवायला घेऊन दुरुस्ती केली आणि 3 जुलै 1975 ला तो परत सुरू झाला. 1988 ला शहराने त्याला लँडमार्क केलं, म्हणजे आता असा सहजासहजी पाडता येत नाही. आणि 2020 चा अख्खा सीझन कोविडमध्ये गेला ते तर आपल्या डोळ्यांदेखत.

मामींनी खाली लिहिलंय की डबे नुसते वर ठेवलेले असतात, उडाले तर? नाही हो मामी, रुळाच्या खालूनही चाकं असतात, जॉन मिलरने 1919 मध्येच त्याचं पेटंट घेतलं. 85 फुटांवरून येताना पोटात गोळा येईल तेवढाच, तुम्ही बसा बिनधास्त.