हेड ऑफ रग्बी, मुक्काम पोस्ट मराठवाडा

सर, आधी अभिनंदन घ्या. परवापर्यंत तुम्ही साधे पीटीचे सर होतात, म्हणजे सकाळी गेटवर उभं राहून लेकरांचे केस नखं बघायची, १५ ऑगस्टला आणि १७ सप्टेंबरला कवायत घ्यायची, गॅदरिंगला लेझीम बसवायचं आणि गणिताच्या मॅडम रजेवर गेल्या की त्यांच्या वर्गात जाऊन नुसतं डोळे वटारून बसायचं. आता चौकातल्या फ्लेक्सवर तुमच्या फोटोखाली ‘हेड ऑफ रग्बी’ छापून आलंय. पगार वाढला का असलं काही विचारू नका. शाळा स्वयंअर्थसहाय्यित आहे, २०१२ च्या कायद्याखाली मान्यता घेतलेली, म्हणजे पगार सरकार देत नाही आणि संस्था देते तेव्हा उपकार केल्यासारखं देते.

रग्बीच कामून, हे पण अध्यक्षांना विचारायचं नाही. हायवेच्या पलीकडच्या शाळेनं घोडा आणलाय (लग्नसराईत तो वरातीला जातो, तेव्हा हॉर्स रायडिंगचा तास ऑफ असतो), दुसऱ्या एकीनं स्विमिंग पूल बांधलाय ज्यात टँकर आला तरच पाणी असतंय, मग आपल्याकडं काहीतरी पायजे ना. क्रिकेट सगळ्यांकडं आहे. कबड्डी अन् खो-खो आपल्याच मातीतले, आणि तिथंच घोळ आहे, त्याला वेगळी फी लावता येत नाही. धाराशिवची सारिका काळे खो-खो खेळून भारताची कॅप्टन झाली, २०२० ला अर्जुन पुरस्कार घेतला, पण खो-खोला लागतात दोन खांब आणि पळणारी पोरं. त्यात संस्थेला काय उरतंय राव?

तर पहिलं काम भाषण. प्रत्येक पालक सभेत सांगायचं की १८२३ साली इंग्लंडच्या रग्बी नावाच्या शाळेत विल्यम वेब एलिस नावाच्या पोरानं फुटबॉल खेळता खेळता बॉल उचलला आणि पळत सुटला, तिथून हा खेळ जन्मला. याला धड पुरावा नाही. एलिस बुवा वारले १८७२ ला आणि ही गोष्ट छापून आली १८७६ ला, म्हणजे त्यांना विचारायची सोयच ठेवली नाही कुणी. पण आपण कशाला बोलायचं, आपल्याही संस्थापक अध्यक्षांनी माळावर एका झाडाखाली चार लेकरं घेऊन शाळा सुरू केली होती ते झाड अजून कुणाला सापडलेलं नाही. वर्ल्डकपची ट्रॉफी सुद्धा एलिसच्या नावानंच देतात, १९८७ पासून. पुरावा असलेली गोष्ट मात्र भाषणात घ्यायची नाही, ती अशी की त्याच शाळेत १८४५ ला या खेळाचे पहिले लेखी नियम विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिले. पोरांनी नियम लिहिले हे आपल्या पोरांना कळलं तर उद्या डब्याच्या सुट्टीचा टाइम तेच ठरवायला लागतील.

आता ग्राउंड. रग्बीला एका ट्रायलाइनपासून (जिच्या पलीकडं बॉल नेऊन टेकवायचा ती रेघ) दुसरीपर्यंत साधारण १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद जागा लागते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गवत लागतं, कारण या खेळात पडणं हा अपघात नाही, ते रोजचं काम आहे. आपल्या शाळेत गवत आहे. अध्यक्षांच्या केबिनसमोर, हिरवंगार, कारंजासकट, आणि त्यावर पाटी आहे ‘लॉनवर चालू नये’. ज्या मुलुखात २०१६ ला लातूरकरांना मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हे लॉन उन्हाळ्यात सुद्धा जगवलंय, ही संस्थेची केवढी अचिव्हमेंट! तर रग्बी तिथं नाही. रग्बी मागच्या मुरमावर, जिथं चार वाजता शाळेच्या बसा लागतात. पोरगं कोपरावर पडलं की कातडं निघतं आणि आत मुरमाचे बारीक खडे रुततात, ते त्याची आई रात्री वाटीभर कोमट पाणी घेऊन मोबाईलच्या टॉर्चमध्ये पिनेनं एकेक काढत बसते आणि वर हळद दाबते, पोरगं वराडतंय आणि ती तुमचा उद्धार करायली. तुम्ही तिला सकाळी सांगा की ताई, यानं कॅरेक्टर बिल्ड होतं.

ह्याला उपाय नाही असं नाही हो. पावसाळ्यात हरळी लावली, दोन महिने बसा बाहेर उभ्या केल्या, बोअरचं पाणी लॉनऐवजी इकडं वळवलं तर दिवाळीपर्यंत पडण्याजोगी जागा होती. पण हे तुम्ही मीटिंगमध्ये बोललात तर हेड ऑफ रग्बीचे पुन्हा पीटीचे सर व्हाल.

गोलपोस्टचा विषय सोपा आहे. ते इंग्रजी एच सारखे असतात, दोन खांबांत ५.६ मीटर अंतर आणि आडवी दांडी जमिनीपासून ३ मीटरवर. एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याला माप लिहून दिलं तर तो म्हणणार, सर एवढं रुंद कशाला, आपण मस्त कमान करू, वरती शाळेचं नाव टाकू. करू द्या. बोअरच्या जुन्या केसिंग पाइपात ते काम स्वस्तात बसतं. खांबाला खालून जाड गादी गुंडाळायची असते, पोरगं वेगात येऊन आदळलं तर डोकं फुटू नये म्हणून, पण गादी गुंडाळली की पाइपवर रंगवलेला प्रवेशाचा मोबाईल नंबर झाकतो, तेव्हा गादीचा विषय पुढच्या बजेटला घ्या.

उद्घाटनाला आमदार साहेबच पायजेत. नारळ फोडून झाला की साहेबांच्या हातात बॉल द्यायचा. साहेब तो पपईसारखा उलटा-सुलटा करून बघणार, मग बाजूच्या पीएला हळूच विचारणार, हवा कमी हाय का? तुम्ही हसायचं नाही. नंतर साहेब किक मारणार आणि बॉल लांबट असल्यानं सरपंचांच्या दिशेनं जाणार, फोटोग्राफर म्हणणार साहेब परत एकदा. असं चार-पाच वेळा. भाषणात साहेब सांगणार की आपल्या मातीतला खेळ म्हणजे कबड्डी आणि तो जपला पाहिजे, त्यावर टाळ्या तुम्हीच सुरू करायच्या.

ट्रेनिंगचं म्हणाल तर वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचे बेसिक सेफ्टीचे कोर्स ऑनलाईन फुकट आहेत, कुणीपण मोबाईलवर करू शकतो. म्हणूनच करू नका, फुकटच्या सर्टिफिकेटला केबिनमध्ये मान नाही. त्यापेक्षा एक ट्रॅकसूट शिवून घ्या. नियम जमेल तसे सांगा. बॉल हातानं फक्त मागं किंवा बाजूला द्यायचा, पुढं नाही, हा पहिला नियम, आणि कंपाउंडच्या बाहेर उभे पालक ‘अरे पुढं टाक की, पुढं’ असं ओरडणार हा दुसरा. ट्राय झाली, म्हणजे बॉल त्या रेघेपलीकडं टेकवला, की ५ पॉइंट, त्यावरची किक दांडीवरून गेली की अजून २, पेनल्टी किकचे ३.

टॅकल शिकवायला मात्र आपल्याकडं फार काही लागत नाही आणि हेच दुखणं आहे. वसतिगृहातली दोन पोरं गावाकडं कबड्डी खेळून आलेली असतात. त्यांना फक्त एवढं सांगा की बॉलवाला म्हणजे रेडर, त्यालाच धरायचं, बाकी कुणाला हात लावायचा नाही, आणि खांद्याच्या वर जायचं नाही. पहिल्या दिवशी ते असा कमरेला मिठी मारून पाडतात की तुम्ही यूट्यूबवर बघितलेलं सगळं फिकं पडतं. एकच अडचण, रग्बीत खाली पाडलं की लगेच सोडावं लागतं आणि कबड्डीवाल्याला जन्मभर शिकवलेलं असतं की मेला तरी सोडायचं नाही. शिट्टी वाजवून वाजवून तुमचे गाल दुखतील, तो आपला धरूनच. सर, ह्याचा दम गेलाच नाही अजून! असली पोरं टीममध्ये घेऊ नका. ती फी सवलतीतली असतात, फ्लेक्सवर आडनाव ओळखीचं लागतं.

कॅप्टन तर ठरलेलाच आहे, ज्याच्या वडिलांनी पत्र्याचं शेड दिलं तो. वजनदार लेकरू दिसलं की त्याला स्क्रमच्या (दोन्हीकडचे गडी वाकून, एकमेकांत गुंतून रेटतात त्याच्या) पहिल्या रांगेत घाला आणि ‘क्राउच, बाइंड, सेट’ असं जोरात ओरडा, ऐकणाऱ्याला वाटतं सरांना येतंय. शालेय वयात स्क्रम दीड मीटरच्या पुढं ढकलत नेऊ द्यायचा नसतो, कारण मान लेकराची असते, पण तेवढं बारीक कोण मोजतंय? आठवीपासूनची हुशार पोरं तुम्हाला मिळणारच नाहीत, ती मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेच्या फाउंडेशन क्लासला, आपल्या भागात शिक्षण म्हणजे लातूर पॅटर्न आणि बाकी सगळं ऑफ तास. मुली? मुलींच्या हातात बॉल देऊन ब्रोशरसाठी फोटो काढा आणि बॉल परत घ्या. भारताच्या मुलींनी २०१९ ला सिंगापूरला हरवून पंधरा जणींच्या रग्बीतली आपली पहिली इंटरनॅशनल मॅच जिंकली, हे त्यांना सांगितलं तर उद्या खेळायचं म्हणतील, मग चेंजिंग रूम बांधा, लेडी टीचर थांबवा, कोण करतंय ते सगळं.

आणि लागलं तर? लागणारच. दोन डोकी एकमेकांवर आदळली, एक पोरगं उठलं आणि आपल्या टीमच्या उलट बाजूला चालायला लागलं, विचारलं तर म्हणतंय सर आज शनिवार आहे का. नियम अगदी सरळ आहे, डोक्याच्या माराची नुसती शंका आली तरी बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, डॉक्टरला दाखवायचं, पुढं किती आठवडे थांबायचं ते डॉक्टर सांगेल. आपली पद्धत त्याहून जुनी आहे, तोंडावर पाण्याचा सपका मारायचा, कांदा हुंगवायचा, ‘मर्द हो’ म्हणायचं आणि आत ढकलायचं. हेडगिअर घातलंय ना मग काय होतंय, असं पालकांना सांगा. ती मऊ टोपी कान सोलण्यापासून आणि खोक पडण्यापासून थोडंफार वाचवते, मेंदू आतल्या आत हलायचा तो हलतोच, पण शाळेच्या रंगातली टोपी शाळेच्याच दुकानात मिळते आणि कंपल्सरी आहे, हा मुद्दा जास्त महत्त्वाचा. दाताचं माउथगार्ड कंपल्सरी करू नका, ते आपल्या दुकानात मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल खेळायचं कुणाशी. अहो जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं टीमच नाही, ही तर सगळ्यात मोठी जमेची बाजू! जिल्ह्यात एकच संघ म्हणजे मैदानात न उतरता जिल्हा विजेते, मिरवणूक काढा, हलगी लावा, गुलाल उधळा. सेव्हन्स म्हणजे रग्बीचा छोटा प्रकार, त्यात सात जण खेळतात आणि पाच राखीव, म्हणजे बारा नावं जातात, तेव्हा फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी दहावीतली अशी पोरं तुमच्या केबिनबाहेर दिसतील ज्यांनी बॉल फक्त फ्लेक्सवर बघितलाय, आणि प्रत्येकाच्या मागं एक पप्पा. दहावीला खेळाचे वाढीव गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, पप्पांचा अभ्यास तुमच्यापेक्षा पक्का असतो. कबड्डीवाली दोन्ही पोरं राखीवमध्ये पण बसली नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका.

विभागीयला पहिल्याच मॅचला हरून याल. सेव्हन्सची मॅच सात-सात मिनिटांचीच असते, त्यामुळं अपमान लवकर आटपतो. परत येताना बसमध्ये एखादं लेकरू विचारतं, सर २०१६ ला ऑलिम्पिकला सेव्हन्स आलं तेव्हा पुरुषांचं गोल्ड कुणी घेतलं? फिजीनं. लोकसंख्या आपल्या हिंगोली जिल्ह्यापेक्षा कमी. टोकियोला परत त्यांनीच. कसं काय सर? यावर उत्तर देऊ नका, तिथं लेकरं गवतावर पळतात हो.

दोन वर्षांत हे सगळं बंद पडेल, त्याचंही नियोजन आताच करून ठेवा. कलकत्त्यात इंग्रजांनी १८७३ ला रग्बीचा क्लब काढला होता, तो पण पाच-सहा वर्षांत बसला, मेंबर कमी झाले, फुकटची दारू बंद झाली म्हणून पण झाले असं सांगतात. पण त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले, त्याचा नागाच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला कप केला, आणि इंग्लंड-स्कॉटलंड १८७९ पासून त्या कलकत्ता कपसाठी अजून खेळतात. बंद पडावं तर असं. आपल्याकडं खात्यात काय उरतंय ते अकाउंटवाल्या सरांना माहीत, वितळवायला फार तर केसिंग पाइप.

शेवटी ऑडिट येईल. ऑडिटवाले साहेब स्टोअर रूममध्ये डेड स्टॉक रजिस्टर उघडून बसतील, ‘चेंडू, नग ६’ असं वाचतील, मग समोरचे लांबट बॉल बघतील, एखादा जमिनीवर आपटून बघतील, तो भलतीकडंच उडी मारेल, आणि साहेब शेऱ्यात लिहितील ‘आकार बिघडलेला, वापरण्यास अयोग्य, निर्लेखित करावे’. वाद घालू नका, जिथं म्हणतील तिथं सही करा. मोजताना पाचच भरले तर सहावा हरवला म्हणून लिहा. तो मेसवाल्या मामांच्या पोराकडं आहे, पोरगं झेडपीच्या शाळेत जातं, रोज कंपाउंडवर बसून तुमची प्रॅक्टिस बघायचं, आणि आता सोयाबीन निघालेल्या रानात सात-आठ जणांना घेऊन खेळायलंय. पास मागं द्यायचा असतो हे त्यांना कुणी ओरडून सांगावं लागत नाही. फक्त अध्यक्षांच्या कानावर जाऊ देऊ नका, फी मागतील.