एकट्याने बारालाचा: एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मनाली-लेह रस्त्यावर बर्फ पडत असताना मी बाईकवर एकट्याने बारालाचाची उंच खिंड ओलांडली, ते वाचून तुम्ही लिहिलंत की हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. काही झालं असतं तर जवानांना जीव धोक्यात घालून मला काढावं लागलं असतं, आणि असलं वाचूनच तुमचा मुलगाही बुलेट घेऊन एकटा निघायचं म्हणतोय. बापाची काळजी आहे ही, म्हणून सविस्तर लिहितो.

जवानांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण धोका एकटं असण्यात आहे, हे मला पटत नाही. त्या रस्त्यावर माणसं अडकतात ती घाईपायी. ग्रुपमधल्या सगळ्यांना सोमवारी ऑफिस गाठायचं असतं. आभाळ भरून आलं तरी ‘चला, होऊन जाईल’ म्हणणारा एक जण असतोच, आणि थांबू या म्हणायची बाकीच्यांना लाज वाटते. मी दुपारी खिंडीच्या अलीकडच्या झिंगझिंगबारला पोचलो तेव्हा खिंडीकडे काळोख दाटला होता. कुणाला विचारायचं नव्हतं, ढाब्यातच पथारी टाकली. रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचंही तेच. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळून ते दुपारी फुगतात, रात्रीच्या गारठ्यात ओसरतात. पहाटे निघणाऱ्याला तोच नाला निम्मा भेटतो.

सकाळी ट्रक सुटल्यावर निघालो. खिंडीखालच्या सूरजताल तळ्याच्या वर पुन्हा बर्फ सुरू झालं. ट्रकच्या चाकांखाली दबलेलं बर्फ गोठून गुळगुळीत झालं होतं, म्हणून चाकोरी सोडून मधल्या भुसभुशीत बर्फातून गाडी नेली. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, पुढच्या ब्रेकला बोट नाही, दोन्ही पाय जमिनीला टेकत. हेल्मेटची काच आतून धुरकट व्हायची, आणि वर केली की बर्फाचे कण डोळ्यांत सुईसारखे टोचायचे. मागून ट्रक येत होते म्हणूनच पुढे गेलो. रस्ता ओस असता तर परत फिरलो असतो.

एका बाबतीत मात्र एकटा माणूस खरोखर उणा पडतो: विरळ हवा. बारालाचा जवळजवळ 4,890 मीटरवर आहे, पलीकडचं सरचू 4,300 च्या आसपास. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून निघून त्याच दिवशी सरचूला मुक्काम करणं सोपं झालंय, आणि शरीराला हेच झेपत नाही. मेंदूला सूज येऊ लागली की माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो, पण ते त्याचं त्याला कळत नाही. सोबत कुणी असेल तर त्याच्या लक्षात येतं. म्हणून मी आधी खिंडीच्या अलीकडे, खालच्या जिस्पा गावात राहतो, 3,200 मीटरवर, डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत. वर तंबूत एकटा कधीच झोपत नाही. ढाब्यात चार माणसांत झोपतो, आणि सकाळी मला हाक मारून उठवा, असं मालकाला सांगून ठेवतो.

मुलाला अडवू नका, पण त्याच्या सुट्टीत दोन-तीन दिवस मोकळे आहेत का ते बघा. नसतील तर यंदा जाऊ नको म्हणा. वाटेतल्या दारचा गावच्या चौकीवर पोलिसांनी गाड्या रोखल्या तर हुज्जत घालायची नाही. त्याआधी लागणाऱ्या तांदी गावात टाकी भरून वर कॅनमध्ये पेट्रोल घ्यायचं. आणि पोस्टपेड सिम घ्यायला लावा, बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. वाटेत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. तेव्हा कोणत्या गावाहून फोन येणार आणि तो किती उशिरापर्यंत आला नाही तर तुम्ही चौकशी सुरू करायची, हे निघण्याआधीच दोघांनी ठरवून घ्या.