टीएलआर-४ : जितके चेतवावे तितके चांगले?

सध्या फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा : प्रतिकारपेशींच्या पृष्ठभागावरील टीएलआर-४ हा ग्राही (बाहेरचे रेणू टिपून पेशीला संदेश देणारे प्रथिन) म्हणजे एक बटण आहे, ते दाबले की शरीर कोणताही जंतू ओळखते आणि ते सतत दाबून ठेवले की प्रतिकारशक्ती वाढतच जाते.

प्रथम बटणाविषयी. हा ग्राही एकट्याने काहीच ओळखत नाही. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलीसॅकराइडचा रेणू आधी रक्तातील एक वाहक प्रथिन उचलते, ते तो सीडी-१४ या दुसऱ्या प्रथिनाकडे सोपवते आणि तेथून तो ग्राहीच्या नालाकृती बाह्यभागाला चिकटलेल्या एमडी-२ या प्रथिनाच्या खोबणीत शिरतो. २००९ मध्ये स्फटिकरचना उलगडली तेव्हा दिसले की रेणूच्या सहा मेदसाखळ्यांपैकी पाच खोबणीत बसतात, तर बाहेर राहिलेली सहावी शेजारच्या दुसऱ्या टीएलआर-४ ला भिडते. अशी जोडी जुळली, की पेशीच्या आतले भाग जवळ येऊन संदेश सुरू होतो.

'कोणताही जंतू' हे विधान येथेच कोसळते. प्लेगचा जिवाणू ३७ अंश सेल्सिअसला मुख्यतः चारच साखळ्यांचा रेणू बनवतो आणि त्यामुळे मानवी ग्राहीच्या नजरेतून बऱ्याच अंशी निसटतो. जिवाणूंच्या कशाभिकेतील, म्हणजे पोहण्याच्या शेपटीसारख्या धाग्यातील, प्रथिन तर टीएलआर-५ ओळखतो. ते टीएलआर-४ चे कामच नव्हे.

खरा धोका तिसऱ्या विधानात आहे. हाच संदेश बेसुमार झाला, तर सायटोकाइन या दाह चेतवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांच्या लोंढ्याने रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो आणि सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या अशा अनावर प्रतिसादात, माणूस दगावू शकतो. प्रतिकारशास्त्रज्ञ ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले, की सी३एच/एचईजे जातीच्या उंदरांत या ग्राहीतील एकच अमिनो आम्ल बदललेले असते. परिणामी इतर उंदरांना मारणारी लिपोपॉलीसॅकराइडची मात्रा ते पचवतात, पण साल्मोनेलाच्या संसर्गाला मात्र सहज बळी पडतात. म्हणजे ग्राही निकामी असणे जितके घातक, तितकेच त्याचे अनावर होणेही. शिवाय 'सतत' या शब्दाला पेशीच दाद देत नाहीत : वारंवार चेतवल्यास त्यांचा दाहकारक प्रतिसाद मंदावतो, ज्याला अंतर्विष-सहिष्णुता म्हणतात (अंतर्विष म्हणजे हेच लिपोपॉलीसॅकराइड).

मजकुरात सत्याचा अंश आहे तो एवढाच, की मोनोफॉस्फोरिल लिपिड ए हे लिपोपॉलीसॅकराइडच्याच एका भागाचे सौम्य रूप काही लशींत सहायक, म्हणजे प्रतिसाद वाढवणारा घटक, म्हणून वापरले जाते. पण तेथे मात्रा मोजलेली असते, सोबत विशिष्ट प्रतिजन (ज्याविरुद्ध प्रतिकार घडवायचा तो जंतूचा अंश) असते आणि परिणाम मुख्यतः टोचलेल्या जागी व जवळच्या लसिका ग्रंथींत होतो.