बेवागवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेचं उत्तर

नमस्कार. बर्लिनला वीज आणि घरं तापवायची उष्णता पुरवणाऱ्या बेवाग कंपनीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "हा इतिहास नाही, सरकारी मालकीची जाहिरात आहे. 1997 साली विकली नसती तर कंपनी बुडालीच असती. ज्यांनी आयुष्यात बॉयलर जवळून पाहिला नाही त्यांनी असल्या विषयात पडू नये. आणि सनावळ्या फार."

सनावळ्या फार झाल्या, हे मान्य. दोन-तीन गाळल्या असत्या तरी चाललं असतं. पण अनोळखी माणसाशी ही बोलायची पद्धत झाली का? माझ्याविषयी काहीही माहीत नसताना "पडू नये" असं फर्मान काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

बॉयलरचं म्हणाल तर माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये गेली. बॉयलरला इंधन पुरवणाऱ्या फीडरमध्ये ओला बगॅस (उसाचा चोथा) अडकला की वाफेचा दाब उतरतो, टर्बाइनचा आवाज बदलतो आणि तिकडे रस आटवणारी माणसं ओरडायला लागतात. कारण वीज काढून झालेली वाफच पुढे रस आटवायला जाते. बर्लिनमध्येही तत्त्व हेच. वीज काढून उरलेल्या उष्णतेवर पाणी तापवायचं आणि रस्त्याखालच्या पाइपांतून घरोघरी पोचवायचं. असं जाळं तिथे सुमारे 2000 किलोमीटरचं आहे. विजेचा पुरवठादार ग्राहकाला बदलता येतो. गरम पाण्याचा बदलता येत नाही, कारण रस्त्याखालचा पाइप एकाच कंपनीचा. मालकीवर एवढं लिहिलं ते यासाठी. तुम्हाला त्यात जाहिरात दिसली.

आणखी एक. 1945 मध्ये सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनमधल्या 'वेस्ट' या वीजकेंद्राची यंत्रं काढून नेली. पुढे सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवले, त्या नाकेबंदीच्या काळात त्याच केंद्राच्या उभारणीसाठी यंत्रसामग्री विमानांनी आणली गेली आणि डिसेंबर 1949 मध्ये तिथे पुन्हा वीज तयार होऊ लागली. बॉयलरचा ड्रम क्रेनने जागेवर बसवताना तळहाताला कसा घाम फुटतो, ते मी अनुभवलंय. असलं जड सामान विमानातून आणणं म्हणजे काय, हे निदान मला तरी शिकवू नका.

राहिलं 1997. बर्लिन राज्याने बेवागमधला आपला हिस्सा अमेरिकेच्या सदर्न आणि जर्मनीच्या फेबा, व्हियाग या कंपन्यांना विकला. पैशांची तंगी राज्याच्या तिजोरीला होती, बेवागला नव्हती. पुढे कंपनी स्वीडिश सरकारच्या वाटनफॉलकडे गेली आणि मे 2024 मध्ये बर्लिन राज्याने उष्णतेचा धंदा सुमारे 1.4 अब्ज युरो मोजून परत घेतला. "बुडालीच असती" याला तुमच्याकडे आधार असेल तर ताळेबंदाचे आकडे मांडा, मी उत्तर देईन. माझ्या लायकीवर पुन्हा घसरलात तर मात्र तुमची प्रतिक्रिया इथे ठेवणार नाही.