अळणी कुत्रा, खारा समुद्र

कुत्र्याचं नाव ठेवताना ते एक दिवस म्हातारं होणार आहे, हे कुणाच्या डोक्यातच नसतं. आमचा छोटू १३ वर्षांचा आहे. आणला तेव्हा बुटात मावायचा, म्हणून छोटू. पॉमेरेनियन म्हणून आणला आणि निघाला इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे ‘पॉम’ म्हणून मिरवणारी बहुतेक मंडळी स्पिट्झच असतात, पण ते डॉक्टर सांगेपर्यंत कळत नाही आणि तोवर परत करायची वेळ निघून गेलेली असते. रंग पांढरा असल्यामुळे केस कधी पिकले ते कळलं नाही, एवढी एक सोय.

नावाची खरी पंचाईत मेडिकलमध्ये होते.

“पेशंटचं नाव?”

“छोटू.”

“वय?”

“तेरा.”

काउंटरवरच्या पोराने चिठ्ठीवरून नजर वर केली. चिठ्ठीत लॅसिक्स. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढायची ही गोळी हृदयाच्या पेशंटला देतात, हे त्याला पाठ. “एवढ्या लहान वयात, काका?” माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी “अगो बाय!” केलं.

“शाळेत जातो का?”

“नाही. समुद्रावर जातो.”

“वजन?”

“दहा किलो.”

मग मात्र दुकानात जी शांतता पसरली, तिच्यापुढे मला सगळा खुलासा करणं भाग पडलं. बाईंची सहानुभूती जागच्या जागी आटली. “कुत्र्याला?” म्हणाल्या आणि माझा नंबर नसल्यासारख्या पुढे सरकल्या.

तर छोटूच्या हृदयाची डावीकडची झडप नीट मिटत नाही. लहान चणीच्या कुत्र्यांना म्हातारपणी होणारा हा अगदी नेहमीचा आजार. झडप जाड होते, रक्त पुढे जायचं ते थोडं मागे फिरतं, हृदय फुगत जातं आणि फुगलेलं हृदय श्वासनलिकेला टेकलं की खोकला सुरू. छोटू खोकला की वाटायचं, याच्या घशात सुरमईचा काटा अडकलाय. आम्ही महिनाभर काटाच शोधत होतो. रत्नागिरीचे आमचे डॉक्टर बहुतेक वेळ गाई-म्हशींत आणि शेळ्यांत असतात. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “कोल्हापूरला जाऊन एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून या.” आंबा घाट चढताना छोटू माझ्या मांडीवर दोनदा ओकला. एको झाला. रिपोर्ट माझ्या रिपोर्टपेक्षा चांगल्या कागदावर आला.

पिमोबेंडन नावाची गोळी सुरू झाली. २०१६ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं की हृदय मोठं झालंय पण अजून थकलेलं नाही, अशा कुत्र्यांना ही गोळी दिली तर पुढचा त्रास सरासरी १५ महिने लांबतो. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी हे सांगितल्यावर बायकोने लगेच मनात हिशेब केला. मीही केला, पण माझा वेगळा होता: १५ महिने म्हणजे तीसएक अमावास्या-पौर्णिमा. तो हिशेब का, ते पुढे येईलच.

गोळीपेक्षा पथ्य अवघड. मीठ कमी. रत्नागिरीत राहून मीठ कमी! ज्या घरात पावसाळ्याची बेगमी म्हणजे सुकट, सोडे आणि सुका बांगडा. जिथे पापड उन्हात पडतो आणि लोणचं बरणीत मुरतं, त्या घरातल्या कुत्र्याने अळणी भात आणि उकडलेलं चिकन खावं, असं शास्त्र सांगतं. बांगडा भाजायला घेतला की छोटू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. मागत नाही. फक्त खोकतो. आम्ही वळून बघितलं की थांबतो. हा खोकला आजाराचा नाही, हे आता घरातल्या सगळ्यांना कळतं, तरी एक जण उठतोच. (तो एक जण मी नसतो. आई असते.)

गोळी खाऊ घालणं ही स्वतंत्र कला. पेढ्यात घातली तर पेढा जातो, गोळी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. केळ्यात घातली तर केळंच नको. चिकनच्या तुकड्यात घातली, तेव्हा त्याने तुकडा तोंडात घोळवला, मला दोन मिनिटं आशेवर ठेवलं आणि स्वच्छ, धुतलेली गोळी माझ्या पायावर ठेवली. पिमोबेंडन जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी द्यायची असते, म्हणजे लाच द्यायची ती सुद्धा नखाएवढी. सध्या नखाएवढ्या कलेजीवर भागतंय.

आणि हा अळणी पेशंट रोज कुठे जातो? अरबी समुद्रावर.

डॉक्टरांना मी स्पष्ट विचारलं होतं, “फिरवू की नको?” ते म्हणाले, “फिरवा. पळण्याची जबरदस्ती नको, दुपारचं ऊन नको, धाप लागली की थांबवा.” छोटूला पळायची जबरदस्ती कधी कुणी केली नव्हती. न पळायची करावी लागते, हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं. पट्ट्याला बांधून नेलं तर तो सगळी ताकद पट्टा ओढण्यात घालवतो, गळा आवळतो आणि खोकला आणखी वाढतो. त्यापेक्षा मोकळा सोडलेला बरा, असं माझं मत. बायकोचं मत वेगळं आहे. तिच्या मते मला त्याच्याबरोबर उंडारायचं असतं आणि पट्ट्याचं निमित्त आहे. यावर मी काही बोलत नाही.

भाट्याचा किनारा यासाठी फार सोयीचा. सपाट, लांबलचक, एका बाजूला सुरूचं बन, पहाटे माणूस नाही. (वेळास किंवा आंजर्ल्यासारखी कासवांची घरटी जपतात तिथे हा मोकाटपणा चालायचा नाही, आणि चालू नये.) पण छोटूला कडक, ओली वाळू लागते. भुसभुशीत वाळूत पाय रुततात आणि लगेच धाप लागते. कडक वाळू मिळते ओहोटीला, आणि ओहोटी काही आपल्या गजराप्रमाणे येत नाही. रोज पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते. इथे आजोबांचं गणित कामाला येतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी, सव्वापाचच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. उजाडता उजाडता समुद्र लांब गेलेला आणि वाळू कडक. अमावास्येलाही तेच. उलट अष्टमीला ऐन सकाळी पाणी वर. भांगाची भरती असल्याने फार चढत नाही, तरी छोटूच्या वाट्याला येते ती सुरूच्या कडेची मऊ वाळू, आणि मग आम्ही दोघं तिथे नुसतेच बसतो.

आता समुद्र चालतो तिथीवर आणि गोळ्या चालतात घड्याळावर, दर बारा तासांनी. दोन्ही जुळतात ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. साडेपाचला पिमोबेंडन, लगेच भाट्ये, साडेसहाला परत, मग अळणी भात आणि त्याबरोबर लॅसिक्स. उपाशी राहायचा जो एक तास, तोच समुद्राचा तास. डॉक्टरांनी आणि चंद्राने मिळून आखल्यासारखा. आई मात्र पहिल्या दिवशी दारात आडवी आली. “मेल्या, अमावास्येच्या काळोखात समुद्रावर नेतोस, आजारी जिवाला?” मी गणित सांगितलं. तिला गणित पटलं, पण तिने दोघांवरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. छोटूने खाली पडलेलं मीठ चाटलं.

पट्ट्याचा हूक काढला की छोटू क्षणभर तसाच उभा राहतो. कान ताठ, नाक वाऱ्यावर, एक पुढचा पाय उचललेला. घरी हाच प्राणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून उचलून घ्या म्हणतो. मग ढुंगण खाली घालून गोल-गोल पळायला लागतो, मधेच थांबतो, जीभ बाहेर, आणि मी “बस, बस, बस!” करत मागे. तुतवारांचा थवा पाण्याच्या रेषेवर टिपत असतो. छोटू त्यांच्या दिशेने धावतो, ते दहा फूट उडून परत बसतात. त्यांना याचा रिपोर्ट माहीत असावा. तुतवार दमवतात म्हणून तो कुर्ल्यांकडे वळतो. ओल्या वाळूत बारीक भोकं, भोवती वाळूच्या इवल्याशा गोळ्यांची नक्षी. एका भोकात नाक खुपसून जोराने फुंकर मारतो, डोळ्यापर्यंत वाळू, आणि कुर्ली शेजारच्या भोकातून बाहेर येऊन त्याच्या शेपटीमागून चालती होते. मला ते दिसतं. त्याला सांगण्यात अर्थ नसतो.

मी तोवर पहारेकरी. समुद्राचं पाणी प्यायला लागला तर धावायचं, कारण तेच ते मीठ. मेलेल्या माशावर लोळला तर लोळू द्यायचं, खाल्ला तर धावायचं. किनाऱ्याला फुगलेला केंड मासा पडलेला दिसला तर सगळ्यात जोरात धावायचं, कारण तो विषारी. एवढ्या धावण्यात धाप लागते ती मला. एकदा एक गृहस्थ थांबून कळवळून म्हणाले, “जरा बसा हो, हार्टचं काही आहे का?” मी छोटूकडे बोट दाखवलं. तो तेव्हा माझी चप्पल घेऊन चालला होता.

सल्ले देणारेही भेटतात. कुणी म्हणतं लसूण घाला, रक्त पातळ होतं. लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कुणी म्हणतं लंगडतोय वाटतं, अंगदुखीची गोळी द्या. माणसांची आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधते. मी हे सगळं नम्रपणे ऐकतो आणि छोटूला त्यांच्या धोतरावर अंग झाडू देतो.

खरी गंमत घरी आल्यावर. लॅसिक्सचा अंमल चढतो तासाभरात, म्हणजे नेमका मी अंगाला साबण लावलेला असताना. छोटू मागच्या दाराशी भुंकतो. आणि आमच्या आईलाही हृदयाचं दुखणं आहे, आणि तिलाही सकाळी लॅसिक्स. ती न्हाणीघराच्या दाराशी. “आटप रे!” “भू!” “आटप रे मेल्या!” “भू!” दोघांनाही एकाच वेळी, एकाच कारणासाठी, एकच माणूस हवा असतो. दोघांच्या स्ट्रिप आता वेगवेगळ्या डब्यांत आहेत, कारण मात्रा वेगळी. आईच्या डब्यावर ‘आई’ असं लिहिलंय. याचाही तिला राग आहे. “माझं नाव विसरलास वाटतं. त्याचं तर बरोब्बर लिहिलंयस.”

रात्री श्वास मोजायचे. झोपेत मिनिटाला ३० च्या आत असले तर ठीक. त्याच्या वर जायला लागले की छातीत पाणी साठतंय समजायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. मी ३० सेकंद मोजतो, दुप्पट करतो आणि कालनिर्णयाच्या चौकोनात लिहितो. त्या चौकोनात आधीच दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख असते, आणि वर तिथी. आकडा २६ च्या खाली आणि तिथी अनुकूल, तर सकाळी हूक निघतो. नाहीतर पट्टा, आणि गेटपर्यंत. मुळात माझा सगळा पंचांग-विचार एवढाच उरलाय. मागच्या महिन्यात बायकोने दूधवाल्याचे पैसे काढताना हे सगळे आकडे दुधात मिळवले. दूधवाला प्रामाणिक. म्हणाला, “वहिनी, एवढी माझी म्हसच देत नाय.”

परवा असाच टॉर्च हातात घेऊन वाकलो होतो. छोटूचं पोट वर-खाली होत होतं, पाय झोपेत पळत होते. पाय हलत असताना मोजायचं नसतं, आकडा फुगतो, म्हणून थांबलो. पलीकडच्या खाटेवरून आवाज आला.

“माझे मोजलेस?”

“आई, झोप.”

“तेरा वर्षांच्या कुत्र्याचे रोज मोजतोस. मला अठ्ठ्याहत्तर लागलं. मोज.”

मोजले. अठरा.

“आणि त्याचे?”

“बावीस.”

“म्हणजे माझी तब्येत चांगली.” ती कुशीवर वळली, मग परत इकडे वळली. “पौर्णिमा कधी आहे?”

“गुरुवारी.”

“मीपण येणार. आणि हात-बीत धरायचा नाही हां माझा.”